पाड्यांचा आकडा कुणाकडे असतो? जनगणनेची आकडेवारी शोधतानाचा माझा अनुभव

जव्हार तालुक्यातल्या एका गावातून दिवाळीनंतर किती कुटुंबं वीटभट्टीवर जातात, याचा अभ्यास आम्ही करत होतो. त्यासाठी गावाची लोकसंख्या पाड्यांप्रमाणे हवी होती.

गावाचा आकडा लगेच मिळाला. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, म्हणून २०११ च्या जनगणनेत जव्हार ठाणे जिल्ह्यात शोधायचं. ठाण्याची जिल्हा जनगणना पुस्तिका उतरवून घेतली की भाग 'अ' मध्ये गावातल्या सोयी आणि भाग 'ब' मध्ये लोकसंख्या, साक्षर, कामगार असं सगळं गाववार असतं.

अडलं ते पाड्यांपाशी. जनगणनेच्या वेळी ग्रामीण भागाचे चार्ज अधिकारी, म्हणजे तिथल्या गणनेची जबाबदारी असलेले अधिकारी, तहसीलदार असतात, म्हणून तालुक्याच्या एका कार्यालयात गेलो. पहिल्या टेबलावर सांगितलं, जनगणना आमच्याकडे नाही. दुसऱ्यावर, होती पण कागद वर गेले. तिसऱ्यावर, साहेब मीटिंगला गेलेत, अर्ज ठेवून जा. अर्ज दिला. पुढच्या खेपेला तो अर्ज कुणाच्याच टेबलावर नव्हता. पोच घेतली होती म्हणून निदान आवक क्रमांक दाखवता आला, आणि मग तो एका फाइलखाली सापडला. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका, हे मी आता प्रत्येकाला सांगतो. शेवटी माहिती अधिकाराच्या अर्जाचा नमुना, म्हणजे जोडपत्र 'अ', भरलं, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि रीतसर विचारलं. कायद्यातली ३० दिवसांची मुदत जवळजवळ संपवून एका ओळीचं उत्तर आलं: माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे.

ती तिथे नाही. ग्रामीण भागात जनगणनेचे आकडे महसुली गावापर्यंतच प्रसिद्ध होतात. पाडा, वाडी, वस्ती यांचे वेगळे आकडे निघत नाहीत. गट ग्रामपंचायतीचा आकडा हवा असेल तर तिच्यातली महसुली गावं शोधून बेरीज आपणच करायची. पहिल्याच टेबलावर कुणी एवढं एक वाक्य बोललं असतं, तर कामाचा आख्खा हंगाम वाया गेला नसता. याचा राग अजून आहे. घराघरांचे मूळ तक्ते तर १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार गोपनीयच आहेत. ते कुणालाच मिळणार नाहीत आणि ते बरोबरच आहे.

मार्ग दाखवला गावातल्या अंगणवाडी ताईंनी. त्यांच्या कुटुंब सर्वेक्षणाच्या रजिस्टरात पाड्यातलं घर न् घर होतं. नावं न उतरवता, त्यांच्याच समोर बसून आम्ही फक्त पाडावार संख्या काढली. ताईंचं ते काम बघून फार अभिमान वाटला.

त्या रजिस्टरामुळेच एक मोठी गोष्ट उमगली. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. या पूर्ण काळात जो घरी नव्हता, त्याची नोंद तो जिथे सापडला तिथे व्हायची. फेब्रुवारीत भट्ट्या तर ऐन भरात असतात. म्हणजे भिवंडी-वसईकडच्या भट्टीवरचं कुटुंब मोजलं गेलं तरी जव्हारच्या आकड्यात येत नाही. 'गावात माणसं जास्त आहेत, कागदावर कमी' असं जुनी माणसं म्हणत होती, त्यात तथ्य होतं. स्थलांतराचे तक्ते गावपातळीवर मिळत नाहीत. त्यामुळे सीमांतिक कामगारांचा रकाना जरूर बघा. सहा महिन्यांपेक्षा कमी काम मिळालेले लोक त्यात येतात आणि २०११ मध्ये त्यांचेही ३ ते ६ महिने व ३ महिन्यांपेक्षा कमी असे दोन भाग केले आहेत.

आणि हो, जनगणनेच्या एक्सेल फाइलमध्ये जिल्हा, तालुका आणि गाव यांच्या ओळी एकाखाली एक असतात. सरसकट बेरीज केली तर माणसं दुप्पट-तिप्पट होतात. तालुक्याचा कोड मजकूर म्हणून ठेवा, नाहीतर सुरुवातीचा शून्य उडतो. गावाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग २००१ आणि २०११ मध्ये वेगळं असू शकतं. कोडही बदललेत, म्हणून क्षेत्रफळ ताडून खात्री करा. साक्षरतेचं प्रमाण काढताना ० ते ६ वयाची मुलं वजा करायची.

पुढची गणनाही फेब्रुवारी २०२७ मध्येच आहे, संदर्भ तारीख, म्हणजे ज्या दिवसाची लोकसंख्या धरली जाते ती, १ मार्च. त्याआधी, जानेवारीतच, कोणत्या पाड्यातली किती कुटुंबं कुठल्या भट्टीवर आहेत याची यादी ताईंबरोबर बसून करायचं आम्ही ठरवलं आहे. इतर गावांतही कुणी करणार असेल तर दिवाळीआधीच सुरुवात करा, नंतर विचारायला घरी कुणी भेटत नाही.