जुन्या डीव्हीडी आणि नवा संगणक

कपाटातल्या जुन्या डीव्हीडी पुन्हा पाहाव्यात म्हणून मी संगणकाला यूएसबीवर चालणारा ड्राइव्ह जोडला, तेव्हा तबकडी घरघरली, फाइलींची यादीही दिसली, पण चित्रपट काही सुरू होईना. दोष तबकडीचा नव्हता. डीव्हीडीवरील चित्र बहुधा एमपेग-२ पद्धतीने साठवलेले असते आणि ते उलगडणारा कोडेक, म्हणजे त्यासाठीचा छोटा सॉफ्टवेअर-भाग, विंडोज ८ पासून मूळ प्रणालीसोबत मिळेनासा झाला. त्यामुळे स्वतःचे कोडेक बाळगणारा व्हीएलसी हा मोफत प्लेअर बसवताच बहुतेक काम झाले. त्यातील 'मीडिया' मेनूतून थेट डिस्क उघडावी. मी आधी व्हीओबी फाइली (डीव्हीडीवर चित्रपट ज्या तुकड्यांत साठवलेला असतो त्या) एकेक करून उघडण्याचा खटाटोप केला. त्या प्रत्येकी जास्तीत जास्त १ जीबीच्या असल्याने दर वीस-पंचवीस मिनिटांनी चित्रपट ऐन संवादात तुटत असे.

एक तबकडी मात्र तरीही अडली, कारण तिचा प्रदेश-कोड, म्हणजे ती जगाच्या कोणत्या भागात चालावी हे ठरवणारा क्रमांक, ड्राइव्हच्या कोडशी जुळत नव्हता. ड्राइव्हचा कोड बदलता येतो, परंतु साधारणपणे ५ वेळाच, आणि शेवटच्या बदलानंतर तो कायमचा ठरतो. एका चित्रपटापायी (तोही फारसा न आवडलेल्या) त्यातली एक संधी खर्च करणे मला पटले नाही.