नेट मीटर बसलं, तरी बिलात एक्स्पोर्ट शून्य: माझा अनुभव

गच्चीवर ३ किलोवॉटची पॅनेल बसली, खाली नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि दिलेली दोन्ही वीज वेगवेगळी मोजणारं मीटर, लागलं, सबसिडीचे ७८ हजार रुपये खात्यात जमा झाले. एवढं सगळं सुरळीत होऊन बिलं मात्र चुकीची येत राहिली. आम्ही लाईनला दिलेल्या विजेतला, म्हणजे एक्स्पोर्टचा, एक युनिटसुद्धा त्यात धरलेला नव्हता. तो हिशोब दुरुस्त करून घेईपर्यंत उन्हाळा सरला आणि पेरण्याही आटोपल्या. त्याचा राग अजून डोक्यात आहे. आमच्या गल्लीत आता आणखी घरांवर पॅनेल चढायला लागली आहेत आणि जो तो मला विचारायला येतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

आमचं गाव मराठवाड्यातलं, तालुक्याचं. माझं शिलाईकाम घरूनच चालतं. मोटारीच्या दोन मशीन, इस्त्री, शिवाय फ्रीज, कूलर, बोअरची मोटार. फेब्रुवारी २०२४ मध्ये घरावर सोलर बसवायला सबसिडी देणारी पीएम सूर्यघर योजना आली, तेव्हापासून डोक्यात होतं. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, असे ७८ हजार मिळतात. त्याच्यावर कितीही मोठं बसवा, सबसिडी तेवढीच. पॅनेल मात्र देशातच बनलेल्या सेलची, ज्यांना डीसीआर म्हणतात तीच लागतात. पोर्टलवरचा अर्ज, करारनामा, तपासणी हे सगळं एजन्सीच्या मुलांनी नीट पार पाडलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

हो, एक आहे. नेट मीटर लागेपर्यंत सोलर चालू करू नका. “ताई, टेस्टिंगपुरतं राहू द्या चालू,” असं कोणी म्हणालं तरी नाही. साधं डिजिटल मीटर बऱ्याचदा बाहेर जाणारी वीजही आत आल्यासारखीच मोजतं. म्हणजे वीज आपण द्यायची आणि तिचं बिलही आपणच भरायचं.

आता मूळ दुखणं. नेट मीटर एप्रिलमध्ये लागलं आणि पहिलं बिल आलं ते सरासरीवर. चालू रीडिंगच्या जागी आकडाच नाही, मागच्या महिन्यांचा खप बघून ठोकून दिलेले युनिट. मी बिल घेऊन वीज कंपनीच्या कार्यालयात गेले. बिलिंगच्या टेबलावरच्या मॅडमनी ग्राहक क्रमांक टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

“ताई, सिस्टीमला तुमचं जुनंच मीटर दिसतंय.”

“अहो मॅडम, जुनं मीटर तुमचाच माणूस काढून घेऊन गेलाय. त्याची सही आहे माझ्याकडं.”

“असेल. पण आमच्याकडं मीटर बदलल्याचा रिपोर्टच आला नाही ना. टेस्टिंगला विचारा.”

टेस्टिंगवाले, म्हणजे मीटर तपासणारे, म्हणाले, रिपोर्ट शाखा अभियंत्यांकडे दिलाय. शाखा अभियंता साहेब लाईनवर गेलेले. फोन केला तर म्हणाले, बिलिंगला पाठवलाय. परत बिलिंगला गेले तर जेवणाची सुट्टी. असं किती वेळा झालं ते मोजायचं मी सोडून दिलं. दर खेपेला शिवणाचं काम बाजूला ठेवून, उन्हात बसस्टँडच्या पलीकडं जायचं आणि “उद्या या” ऐकून परत यायचं. लग्नसराईतली ब्लाउजं अंगावर होती. ज्या कामातून पॅनेलचा हप्ता भरायचा तेच काम या फेऱ्यांत बुडत होतं, आणि याबद्दल कोणालाच काही वाटत नव्हतं.

सरासरी का लागते ते मला रीडिंगला येणाऱ्या मुलानं सांगितलं. त्याच्या मोबाईलमध्ये जुन्या मीटरचा नंबर. समोर भिंतीवर नवं मीटर. नंबर जुळत नाही, मग त्याला रीडिंग टाकताच येत नाही. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. मीटर बदलल्याची नोंद संगणकात होत नाही तोवर वीज कंपनीच्या लेखी ते मीटर भिंतीवर नसतंच.

शेवटी आमच्याकडे मीटर लावायला आलेले लाईनमनभाऊच कामी आले. त्यांनी कपाटावरची एक फाईल खाली काढली, लेस सोडली, आणि आमचा मीटर बदली अहवाल त्यात तसाच. निळ्या शाईत जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग, नव्याचा नंबर, सुरुवातीचं रीडिंग, खाली माझी सही. त्याच्याखाली आणखी ग्राहकांचे तसेच कागद. कोणी ते टाईपच केले नव्हते. एवढ्याचसाठी मी महिनाभर हेलपाटे घातले होते.

नोंद झाली. वाटलं, सुटले. पुढचं बिल आलं, त्यात नवं मीटर, इम्पोर्ट (लाईनकडून घेतलेली वीज) बरोबर आणि एक्स्पोर्टच्या रकान्यात शून्य. मीटरचा नंबर भरला, पण आमचं कनेक्शन नेट मीटरिंगचं आहे अशी नोंद वेगळी करावी लागते, ती राहिली. दोन कामं, दोन टेबलं, आणि एका टेबलाला दुसऱ्याचं काही माहीत नाही.

या वेळी मात्र माझ्याकडे फोटो होते. मीटरवरचं बटण दाबत गेलं की आकडे एकामागून एक फिरतात. बऱ्याच मीटरवर १.८.० म्हणजे लाईनकडून घेतलेली वीज आणि २.८.० म्हणजे लाईनला दिलेली. जनरेशन मीटर वेगळं असतं, ते पॅनेलनं एकूण किती बनवली ते सांगतं. आमचा त्या महिन्याचा हिशोब असा होता: पॅनेलनं केले ३७२ युनिट, लाईनला गेले २४१, लाईनकडून आले ११८. म्हणजे दिलेले १२३ युनिट जास्त. ते पुढच्या महिन्यात जमा व्हायला हवेत आणि विजेच्या युनिटांचं बिल शून्य यायला हवं. स्थिर आकार भरावाच लागतो, तो सोलरनं जात नाही.

इथं बरेच लोक गोंधळतात. पॅनेलनं ३७२ केले तर बिलात २४१च का, म्हणून भांडायला जातात. उरलेले १३१ दिवसा आपल्याच घरात वापरले गेलेले असतात, ते मीटरपर्यंत पोचतच नाहीत. घराचा खरा खप काढायचा तर हे १३१ आणि लाईनकडून आलेले ११८ मिळवायचे, २४९. एवढं गणित कागदावर मांडून नेलं की समोरचा माणूस टोलवाटोलवी करत नाही. मी नेलं तेव्हा मॅडमनी पहिल्यांदा कॅल्क्युलेटर काढला.

पण चूक मान्य झाली म्हणून बिल दुरुस्त होत नाही. त्यासाठी दुरुस्तीचा प्रस्ताव लागतो, तिथले लोक त्याला बी-८० म्हणतात. तो सहीसाठी वर जातो आणि तिथं थांबतो. इकडं मोबाईलवर थकबाकीचे मेसेज सुरू. माझ्या जावेनं तर घाबरून “भरून टाका एकदाचे” म्हणून सांगितलं. मी वाद आहे असं लेखी देऊन, निषेधासह म्हणून पैसे भरले, तेही सगळे नाही. विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ मध्ये हे स्पष्ट आहे: मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यातली कमी असेल ती निषेधासह भरली की वीज तोडता येत नाही. तोडायचीच तर पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. हे माहीत असलं की मेसेजनं छाती धडधडत नाही.

सोबत एक अर्ज दिला. तारखा, फोटो, बदली अहवालाची प्रत, वरचं गणित, आणि शेवटी एक वाक्य: इतक्या मुदतीत दुरुस्ती झाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि गरज पडली तर विद्युत लोकपालांकडे जाईन. आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय तिथून हलले नाही. तोंडी बोलण्यानं जे इतके दिवस झालं नव्हतं ते त्या शिक्क्यानंतर झालं. दुरुस्त बिल आलं, दोन्ही महिन्यांचे युनिट जमा धरले गेले. ते बिल मी दोनदा वाचलं आणि मोठा श्वास सोडला. भांडून मिळवलंय, याचा मला अभिमान आहे.

म्हणून सांगते, मीटर लावायला माणूस आला की त्याच्यासमोरच जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग, नव्याचा नंबर आणि सुरुवातीचे दोन्ही आकडे यांचे फोटो काढा. बदली अहवालाची प्रत तिथंच मागा. आठवडाभरात बिलिंगला जाऊन दोन गोष्टी विचारा: नवा नंबर चढला का, आणि कनेक्शन नेट मीटरिंगमध्ये गेलं का. पहिल्या बिलाची वाट बघत बसू नका.

बॅटरीचंही विचारतात. नुसतं ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट लाईनला जोडलेलं सोलर असेल तर लाईट गेली की भर दुपारीसुद्धा सोलर बंद पडतं. लाईनवर काम करणाऱ्या माणसाला आपल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ते मुद्दामच तसं असतं. आमच्याकडे वीज रोजच जाते, म्हणून आम्ही हायब्रिड (लाईन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) इन्व्हर्टर आणि ५ युनिटची लिथियम बॅटरी घेतली. बॅटरीला या योजनेत सबसिडी नाही. जिथं लाईट जात नाही तिथं ती घेऊ नका, नेट मीटर असलं की जादा युनिट लाईनवर जमा राहतातच.

घेतलीत तर सेटिंग बघा. आमच्या इन्व्हर्टरवर रात्री रोज बॅटरी रिकामी करायचं सेटिंग होतं. युनिटला युनिट वजा होत असताना त्याचा फायदा शून्य, उलट भरण्या-उतरवण्यात वीज वाया जाते आणि बॅटरीचं आयुष्य घटतं. मी ते बदलून बॅटरी फक्त लाईट गेल्यावर वापरायची असं करून घेतलं. पंखे, दिवे, फ्रीज आणि एक मशीन एवढंच तिच्या लाईनवर आहे. इस्त्री आणि मोटार मुद्दाम बाहेर ठेवलीत. बॅटरी पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, उन्हाळ्यात ती खोली भट्टी होते.

उन्हावरून आठवलं. एप्रिल-मेमध्ये ऊन जास्त म्हणून वीजही तेवढीच जास्त बनेल असं धरू नका. पॅनेल २५ अंशांच्या वर तापलं की दर अंशाला साधारण ०.३५ टक्के कमी देतं. दुपारी ते ६५ अंशांना गेलं तर १४ टक्के तिथंच गेले. म्हणून पॅनेल गच्चीला चिकटवून न लावता खालून वारा खेळेल एवढं उंच बसवून घ्या. धुवायचं पहाटे, तापलेल्या काचेवर गार पाणी नको. आमचं बोअरचं पाणी जड आहे, त्याचे पांढरे डाग काचेवर बसतात. मी टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी वापरते आणि वायपरनं लगेच ओढून घेते.

भर दुपारी इन्व्हर्टर मधूनच बंद होत असेल तर ॲपमध्ये व्होल्टेज बघा. ते २५३ व्होल्टच्या वर गेलं की बरेच इन्व्हर्टर लाईनपासून तुटून बंद होतात. हा दोष पॅनेलचा नसतो. स्क्रीनशॉट काढून लाईनमनना दाखवा, डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, टॅप बदलून व्होल्टेज खाली आणता येतं.

आणि ३१ मार्चला वर्षाचा हिशोब बंद होतो. तोवर न वापरलेले जमा युनिट कंपनी विकत घेते, पण आपण ज्या दरानं वीज घेतो त्यापेक्षा बऱ्याच कमी दरानं. त्यामुळे खपापेक्षा मोठी सिस्टीम बसवू नका. फेब्रुवारीच्या बिलात शिल्लक युनिट बघून ठेवा आणि एप्रिलच्या बिलात त्यांचे पैसे वजा झाले का ते जुळवून पाहा.