ते कीर्तिमुख नव्हे

प्राचीन चीनच्या कांस्यपात्रांवरच्या चेहऱ्याचे फोटो दाखवले की हमखास प्रश्न येतो, ‘हे आपलं कीर्तिमुखच ना?’ तुम्हीही तेच विचारलंत. शंका रास्त आहे. देवळाच्या उंबरठ्यावर दिसतात तसेच वटारलेले डोळे, तशीच शिंगं, खालचा जबडा गायब. तरीही माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे.

ही पात्रं शांग राजवटीची, इ.स.पूर्व तेराव्या ते अकराव्या शतकातली. कीर्तिमुख आपल्याकडे रुजलं ते हजाराहून जास्त वर्षांनी. घोळ कथेमुळेही होतो. शंकराच्या आज्ञेवरून स्वतःचं धड खाणारा गण आपल्याला माहीत असतो, आणि तिकडेही पात्रांवरच्या या चेहऱ्याबद्दल, म्हणजे चिनी भाषेतल्या ‘थाओथिए’बद्दल, लिहिलेलं सापडतं की त्याला डोकं आहे, धड नाही. पण ते लिहिलं गेलं इ.स.पूर्व २३९च्या सुमारास, शांग राजवट बुडून आठशे वर्षं झाल्यावर!

म्हणून आधी भांडंच नीट बघा. चेहऱ्याच्या मधोमध, नाकाच्या जागी, बहुतेकदा एक उभी कड असते. फोटोतली एक बाजू हाताने झाका. उरलेल्या अर्ध्यात एका कुशीने दिसणारा प्राणी उभा असतो: डोळा, शिंग, पंजा, वर वळलेली शेपटी. दुसरीकडे त्याचाच जोडीदार. म्हणजे धड आहे, दोन्ही अंगांना पसरलेलं.

या भांड्यांतून पूर्वजांना मद्य आणि शिजवलेलं अन्न अर्पण करत. त्यांवरचे प्राणी पूर्वजांपर्यंत पोचायला मदत करणारे, असं पुरातत्त्वज्ञ के. सी. चँग मानत, तर कला-इतिहासकार मॅक्स लोअर यांना ती निव्वळ नक्षी वाटे. लोअर यांचं म्हणणं मला पटत नाही, आणि त्याला कारण फू हाओचं घुबड.

फू हाओ ही राजा वू दिंगची राणी. तिने सैन्य घेऊन स्वाऱ्या केल्या, हे त्या काळी भविष्य पाहण्यासाठी वापरत त्या हाडांवर कोरलेलं आहे. १९७६ साली आन्यांगला तिची कबर न लुटलेली सापडली. त्यात घुबडाच्या आकाराची मद्यपात्रांची जोडी होती. दोन जाड पाय आणि शेपूट यांवर घुबड छाती काढून उभं आहे, दोन्ही पंखांवर वेटोळं घातलेला साप आहे, आणि आत राणीचं नाव. लढणाऱ्या बाईसोबत पुरलेला हा रात्रीचा शिकारी केवळ शोभेसाठी घडवला असेल, हे मी मानायला तयार नाही.