भाट्ये किनाऱ्यावरचे कुरव: कोल्हापूरहून जाणाऱ्यांसाठी

रत्नागिरीजवळच्या भाट्ये किनाऱ्यावर कुरवांचे, म्हणजे गल या पांढऱ्या-करड्या पाणपक्ष्यांचे, फोटो काढायला जायचं तर कोल्हापूरहून रत्नागिरी सुमारे १३० किलोमीटर, आंबा घाटाने साडेतीन तास धरा. पहाटे दोनला निघून थेट वाळूवर उतरण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी मुक्कामाला पोचलेलं बरं. घाटात धुकं लागलं तर सकाळचा उजेड हातचा जातो. नोव्हेंबर ते मार्चची सुरुवात हा कुरवांचा हंगाम. त्यातला दिवस मात्र रविवार बघून नाही, तिथी बघून ठरवायचा.

कोकणातला हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला सहा, द्वितीयेला दीड. ओहोटी त्याच्या सहा तास आधी. आम्ही द्वितीया धरली होती. सकाळी साडेसातच्या सुमाराला पाणी सर्वांत खाली होतं आणि काजळी नदीच्या मुखाशी ओली वाळू लांबवर उघडी पडली होती. तेव्हा पक्षी दूर असतात, त्यांच्या मागे धावू नका. कोरड्या-ओल्या वाळूच्या सीमेवर बसून राहा. पाणी चढू लागलं की चिखल्या, तुतारी हे छोटे किनारपक्षी आणि कुरव खाता खाता किनाऱ्याकडे सरकतात. नऊपर्यंत आमच्यापासून पंधरा-वीस पावलांवर आले होते. अष्टमीला नेमकं उलटं होतं: सकाळभर पाणी ओसरत राहतं आणि पक्षीही लांब जातात.

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, हे सकाळी फार कामाला येतं. सुरूबनाकडे पाठ केली की ऊन पाठीमागून येतं. मतलई वाराही जमिनीकडूनच वाहतो आणि कुरव उडताना, उतरताना वाऱ्याला तोंड देतात, म्हणजे आपल्याकडे. अकराच्या पुढे समुद्राकडून खारा वारा सुरू झाला की नुसत्या पाठी मिळतात. मग कॅमेरा आवरावा.

उडत्या कुरवासाठी मॅन्युअल मोड ठेवा: शटर १/२००० सेकंद, अ‍ॅपर्चर एफ/८, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ८०० पासून सुरुवात. ऑटोवर पक्षी गडद पाण्यासमोर आला की पांढरा रंग जळतो आणि चकचकीत वाळूसमोर आला की करडा पडतो, कारण कॅमेरा मागची पार्श्वभूमी मोजतो. पांढऱ्या पिसांचा तपशील दिसतोय का ते पहिल्या दहा फोटोंत तपासा. ऊन चढेल तसा आयएसओ कमी करत जा. चिखल्यांसाठी पोटावर झोपून लेन्स वाळूच्या पिशवीवर टेका. उभ्याने काढलेल्या फोटोत पक्षी वाळूत हरवतो. सराव हवा असेल तर रंकाळ्याची चौपाटी उत्तम. तिथेही सकाळी ऊन पाठीमागे आणि पाणी समोर असतं, बगळे भरपूर.

पंख उघडलेले फोटो आवर्जून घ्या, ओळख त्यातूनच पटते. इथे तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा अशा दोन जातींचे कुरव दिसतात, पण हिवाळ्यात दोन्हींचं डोकं पांढरंच असतं, कानाजवळ गडद ठिपका. पंखांच्या काळ्या टोकात पांढरे डाग आणि डोळा फिका असेल तर तपकिरी डोक्याचा कुरव. पंखाची पुढची कड पांढरी आणि डोळा गडद असेल तर काळ्या डोक्याचा. ही खूण मोठ्या पक्ष्यांची. पिल्लांचा डोळा गडदच असतो.

थव्याने माना ताणल्या की जागीच थांबा. उडवण्यासाठी थव्यात पळणं आणि शेव-गाठी फेकणं, दोन्ही टाळा. तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटच्या तळ्यांवर वीण करून इथे येतात. परतीची ताकद त्यांना याच ओल्या वाळूतून आणि खाडीतून मिळवायची असते.

एसी खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढला तर काचेवर धुकं धरतं. बॅगेतच अर्धा तास बाहेरच्या हवेत ठेवा. वाळूवर लेन्स बदलू नका. परतल्यावर बॉडी गोड्या पाण्यात पिळून घेतलेल्या फडक्याने पुसा. ट्रायपॉडचे पाय उघडून धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच मिटा, नाहीतर मिठामुळे पुढच्या खेपेला कुलपं फिरत नाहीत.