कंदीलपुष्पांच्या नावांतलं लॅटिन व्याकरण

सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांची वंशनामं-जातिनामं नीट लावायची, तर आधी वंशाचं लिंग बघा. सेरोपेजिया, म्हणजे कंदीलपुष्पांचा वंश, स्त्रीलिंगी आहे, म्हणून सेरोपेजिया सह्याद्रिका. ब्रॅकिस्टेल्मा हा त्याच्या जवळचा वंश मात्र 'आ'कारान्त दिसूनही नपुंसकलिंगी, कारण मूळ ग्रीक शब्द तसा आहे. इथेच बहुतेकजण फसतात. स्थलवाचक '-एन्सिस' पुल्लिंगी-स्त्रीलिंगी दोन्हींत तसाच राहतो, नपुंसकात '-एन्से' होतो: सेरोपेजिया महाराष्ट्रेन्सिस, पण ब्रॅकिस्टेल्मा मालवणेन्से. ही मालवणची जात सेरोपेजियात हलवली, की नावही मालवणेन्सिस करावं लागतं.

षष्ठीतल्या व्यक्तिनामांना लिंगबदलाची भीती नाही. वनस्पतिशास्त्रात पुरुषाचं आडनाव व्यंजनान्त असेल तर '-इआय' (-ii) लागतं: एव्हान्सवरून एव्हान्सिआय. '-एर'ने संपलं तर एकच 'आय' (-i), म्हणून हुबेरवरून हुबेरी (huberi). सांतापाव हे आडनाव रोमन लिपीत (Santapau) स्वरान्त, तिथेही एकच. प्राणिशास्त्राचे नियम वेगळे आहेत, तिकडचा प्रत्यय इकडे ओढू नये.

विशेषण नसून नामच असेल तर ते बदलत नाही. बहाव्याचं कॅसिया फिस्टुला तसंच. फिस्टुला म्हणजे नळी. जांभळाचं सायझिजियम क्युमिनी हेही षष्ठीतलं नाम, त्याचं 'क्युमिनम' करायला जाऊ नका.

शेवट चुकला तरी नाव बाद होत नाही, दुरुस्त होतं. मूळ लेखक आणि वर्ष कायम.