कागदावरची चौथी ओळ

परदेशातून किडनी द्यायला आलेल्या दात्याला मी एकटं गाठून बोलते. नातेवाईक दाराबाहेर, दुभाषा रुग्णालयाचा. घरचा माणूस दुभाषा म्हणून चालत नाही, मग तो कितीही गोड बोलो. रुग्णाचं काय होईल हे पाहायला अख्खा विभाग आहे. मी फक्त दात्याच्या बाजूची.

त्या दिवशीचा दाता डायलिसिसवरच्या बहिणीसाठी आला होता. गावी गवंडीकाम करणारा, सडसडीत माणूस. रक्तगट जुळलेला, क्रॉसमॅच निगेटिव्ह, म्हणजे बहिणीच्या रक्तात त्याच्या पेशींविरुद्ध काही सापडलं नाही, नात्याचे पुरावे चोख. रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या म्हणून शोध घेतला, तर स्ट्राँगिलॉइडिस या कृमीचा संसर्ग निघाला. हा कृमी वर्षानुवर्षं काहीही त्रास न देता अंगात राहतो, पण किडनीबरोबर रुग्णाच्या शरीरात गेला आणि तिथे प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असली की जिवावर बेततं. त्यावरचं औषध, आयव्हरमेक्टिन, देऊन झालं होतं. दाता कुठून आला हे आम्ही खोदून विचारतो ते यासाठीही.

खर्चाचं काय ठरलंय, असं विचारल्यावर त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. मेहुण्याच्या हातचा. विमानाचं तिकीट. राहणं-जेवण. बुडालेली मजुरी. आणि चौथ्या ओळीत नुसतं ‘घर’, पुढे सगळ्यांत मोठा आकडा.

दुभाषा वाचता वाचता थांबला. 2023 मध्ये लंडनच्या न्यायालयाने नायजेरियाचे सिनेटर इके एक्वेरेमाडू यांना शिक्षा सुनावली, ती मुलीसाठी किडनी द्यायला आणलेल्या तरुणाच्या प्रकरणात. त्याला तिचा कझिन म्हणून दाखवलं होतं. ते प्रकरण आमच्या कामातल्या कुणाच्याही डोक्यातून जात नाही.

पहिल्या तीन ओळींना माझी हरकत नव्हती. दात्याला आर्थिक झळ बसू नये, हे अवयवांच्या खरेदी-विक्रीविरुद्धच्या इस्तंबूल जाहीरनाम्याच्या 2018 च्या आवृत्तीत स्पष्टच म्हटलंय. पण घर?

आईवडिलांच्या घरातला बहिणीचा हिस्सा ती त्याच्या नावावर करणार, असं त्याने सांगितलं. आकडा त्या हिश्श्याच्या किमतीचा.

“ही ओळ राहिली तर ऑपरेशन होणार नाही,” मी म्हटलं.

तो उसळला. “बहीण भावाला देतेय. तुमचं काय जातं?”

प्रश्न रास्त होता. माझं काही जात नव्हतं, पण उद्या त्याला माघार घ्यावीशी वाटली असती तर घरही गेलं असतं, आणि तेवढं गमावून ‘नाही’ म्हणणं फार थोड्यांना जमतं. म्हणून विचारलं, तिने हिस्सा नाही सोडला तर?

“तरी देणार.” मग जरा थांबून, “पण बायकोला काय सांगू?”

खरी गाठ इथे होती. बायकोने होकार दिला होता तो घराकडे बघून. आमच्या डॉक्टरांनी तिला फोनवर सगळं सांगितलं: 10,000 दात्यांमागे एक ते तीन मृत्यू, काही आठवडे जड उचलायचं नाही, उरलेली किडनी बरंचसं काम अंगावर घेते. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “इथे आल्यावर याला तपासणार कोण?” तोवर हा प्रश्न आमच्यापैकी कुणी धसाला लावला नव्हता. दरवर्षी रक्तदाब, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्तचाचणी) आणि लघवीतलं प्रथिन बघणारा डॉक्टर त्याच्या गावाजवळ सापडला, त्याचं लेखी पत्र आलं, मगच फाइल प्रत्यारोपणाला मंजुरी देणाऱ्या समितीपुढे गेली.

समितीने बहिणीला एकटीला बोलावून चौथ्या ओळीबद्दल विचारलं. तिला पत्ताच नव्हता. “हिस्सा? तो मी कधीच सोडणार नव्हते,” ती म्हणाली. मेहुण्याने आकडा परस्पर लिहिला होता.

ऑपरेशन झालं, डावी किडनी काढली. तिची शीर लांब असते, जोडायला सोपं पडतं. भाऊ-बहीण दोघंही ठणठणीत आहेत. मेहुणा मात्र तपासणीला बहिणीबरोबर येतो तेव्हा माझ्याशी अजून धड बोलत नाही.