इंदूरचा सराफा: दुपारी जाऊ नका

"स्टेशनवरून थेट सराफ्यात जा आणि पोटभर खा," असं इंदूरच्या आत्याने फोनवर सांगितलं. किती वाजता, ते तिने सांगितलं नाही. तिच्या लेखी ती सांगायची गोष्टच नव्हती. डिसेंबरातल्या शनिवारी दुपारी एक वाजता मी पाठीवर सॅक घेऊन उपाशी त्या गल्लीत उभा होतो. दोन्ही बाजूंना सोन्याचांदीची दुकानं आणि खायला जवळजवळ काही नाही.

तेव्हा नीट ऐका. दिवसा सराफा सराफांचा. रात्री आठ-नऊला शटरं पडतात आणि त्याच ओट्यांवर, पायऱ्यांसमोर कढया चढतात. नऊच्या आत जाऊच नका, मध्यरात्र उलटली तरी बाजार चालू असतो. भुट्टे का कीस, म्हणजे किसलेल्या मक्याचा चटकदार पदार्थ, खा. गराडू हा कंद थंडीतच मिळतो. तळून, वर जिरावण हा इंदुरी मसाला भुरभुरून देतात, तो अजिबात सोडू नका. शनिवारी साडेदहाला मात्र पाऊल टाकायला जागा नव्हती. सॅक लॉजवर ठेवा आणि जमलं तर मधल्या वारी जा.

होळकरांच्या राजवाड्याचं उलटं, तो दिवसा बघा. रात्री दिव्यांत सात मजले असे झळाळतात की सगळा वाडा जुना वाटतो. १९८४ च्या आगीत मागचा बराच भाग गेला, जुनं उरलं ते मुख्यतः दर्शनी अंग. खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी, हा सांधा दिवसाउजेडीच नीट दिसतो.

आता रिक्षा. राजवाड्याहून स्टेशनजवळच्या लॉजपर्यंत दुपारी ५० रुपये दिले होते. रात्री पाऊण वाजता त्याच अंतराचे ३००! तिघांना विचारलं, तिघांचा आकडा एकच. पाय इतके दुखत होते की दिले, पण तो राग अजून गेलेला नाही. सरळ लूट आहे ही. चौकात उभ्या असलेल्या रिक्षात बसू नका. दोन गल्ल्या पुढे जा, मोबाइलवर भाडं बघा आणि मगच बोला.

रविवारी लालबाग महाल आणि काच मंदिर पाहिलं, दोन्ही छान.

त्या रात्री आतेभावाबरोबर पुन्हा सराफ्यात गेलो आणि परत चालतच आलो. पंचवीस मिनिटं लागली. रस्त्यांवर दिवे होते, सफाई कामगार झाडत होते, आणि दुपारी हॉर्नने डोकं उठवणारा तोच रस्ता इतका शांत होता की झाडूचा आवाज ऐकू येत होता.